हेगचा निकाल आणि डहाणूचे खलाशी

१७ जुलै २०१९ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं कुलभूषण जाधव खटल्यात बहुतेक मुद्द्यांवर १५ विरुद्ध १ असा भारताच्या बाजूनं कौल दिला. जाधव कुटुंब पवईचं, त्यामुळे आमच्या उपनगरांत आनंद जरा जास्तच. 'जिंकलो' हा शब्द जिकडेतिकडे ऐकू येत होता. पण निकाल नीट वाचला तर? अटक झालेल्या परदेशी माणसाला स्वतःच्या वकिलातीशी संपर्काचा हक्क आहे (व्हिएन्ना करार, कलम ३६) आणि पाकिस्ताननं तो डावलला, हे कोर्टानं मान्य केलं. फाशीची स्थगिती टिकली, हे काही थोडं नव्हे. मात्र शिक्षा रद्द करा, सोडून द्या, या मागण्या फेटाळल्या. फेरविचार करायचा तो पाकिस्ताननंच!

मला त्यातला दुसराच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. पाकिस्ताननं २००८चा भारत-पाक करार पुढे केला होता. सुरक्षेच्या प्रकरणांत वकिलातीला भेटू द्यायचं की नाही ते आम्ही ठरवू, असा त्याचा अर्थ म्हणे. कोर्टानं तो मानला नाही. छान झालं. पण हा करार मुळात कोणाच्या कामाचा?

जाधवांसारखा कैदी एखादाच. बाकी बहुतेक मच्छीमार. त्यातले काही आपल्याच बाजूचे. बोरिवलीहून डहाणू लोकल पकडली की त्यांच्या गावांकडे पोचता येतं. डहाणू-तलासरीकडची आदिवासी माणसं हंगामात गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात कुंपण नाही, सर क्रीकपाशी हद्दही ठरलेली नाही. बोट पकडली गेली की मुक्काम कराचीच्या मलीर तुरुंगात.

करार सांगतो, तीन महिन्यांत वकिलातीची भेट आणि शिक्षा संपून नागरिकत्व पटलं की महिन्याभरात घरी. १ जुलै २०२५च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात १९३ भारतीय मच्छीमार होते. शिक्षा भोगून झालेले मच्छीमार आणि इतर कैदी मिळून १५९ जणांना सोडा, असं भारतानं त्याच दिवशी म्हटलं. तो एक महिना गेला कुठे?

हा हक्क राष्ट्राचा की माणसाचा, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. माणसाचाही आहे, असं हेगनं २००१मध्ये लाग्रँड खटल्यात सांगून टाकलंय. पण हेगला माणूस जाऊ शकत नाही, सरकारच जातं. जाधवांसाठी सरकार गेलं, हरीश साळव्यांनी एक रुपया फी घेतली. तलासरीच्या खलाशासाठी इतकं कोण करणार? त्याची बातमीसुद्धा पालघरच्या पानावर संपते.

त्यापेक्षा सोपी वाट आहे. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती तुरुंगांतून फिरून अशा कैद्यांना भेटायची. तिची शेवटची फेरी २०१३मधली. तीच पुन्हा सुरू करा ना! अर्थात मग तिला आपलेही तुरुंग दाखवावे लागतील, कारण त्याच यादीत आपल्याकडे ८१ पाकिस्तानी मच्छीमार होते. माझी त्याला मुळीच हरकत नाही.