झाडू कोणाच्या हातात, परीक्षानळी कोणाच्या?

सध्या शिक्षणाच्या कुठल्याही कार्यक्रमाला जा, ‘कृतीतून शिक्षण’ हा शब्द ऐकायला मिळतोच. मुलांनी नुसती घोकंपट्टी करू नये, हाताने करून शिकावे, दप्तराचे ओझे कमी व्हावे, श्रमाला प्रतिष्ठा मिळावी. ऐकायला सगळे छान वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस ‘दप्तराविना’ ठेवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुतार, कुंभार, माळी, कलाकार यांच्याकडे जाऊन काम शिकायचे आहे. २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचे उद्दिष्टही त्याच धोरणात लिहिलेले आहे. यावर आपल्या चळवळीत दोन टोकाच्या प्रतिक्रिया दिसतात. काही मित्र म्हणतात, हा पुन्हा जातीच्या धंद्याकडे ढकलण्याचा डाव आहे, सरळ झिडकारा. काही जण म्हणतात, आपली पोरे बेरोजगार फिरताहेत, कौशल्य मिळत असेल तर विरोध कशाला? आमचे मत या दोन्हींहून वेगळे आहे.

ज्या समाजात हाताचा स्पर्शच विटाळ मानला गेला, तिथे ‘हाताने शिका’ हे वाक्य सगळ्यांना सारखे लागू होत नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला नळाची तोटी स्वतःच्या हाताने उघडता येत नव्हती. शिपायाने उघडली तर पाणी, शिपाई नसेल तर दिवसभर तहान. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकाने त्यांना भूमितीचा प्रश्न सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा सवर्ण पोरांनी आरडाओरडा करत धाव घेतली, कारण फळ्यामागे त्यांचे डबे ठेवलेले होते. धनंजय कीरांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. म्हणजे हातात खडू घेऊन फळ्यापर्यंत चालत जाणे, एवढी साधी ‘कृती’सुद्धा एका मुलासाठी शाळेतला संघर्ष होती. कृतीतून शिक्षणाचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी या फळ्यासमोर उभे राहून बोलावे.

आता गांधीजींच्या वर्धा योजनेकडे या. १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद झाली, झाकीर हुसेन समिती बसली आणि ‘नई तालीम’ नावाने हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी आला. मुलांनी सूत कातावे, त्यातून शाळेचा खर्च निघावा, अशी मूळ कल्पना होती. श्रमाला प्रतिष्ठा हा त्यामागचा मोठा दावा. पण ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांसाठी श्रमच केले गेले, त्याच्या पोराला श्रमाची प्रतिष्ठा शिकवायची गरज काय? ती गरज होती चरखा, नांगर, रापी, झाडू यांपैकी कशालाच पिढ्यान्‌पिढ्या हात न लावलेल्यांना. आपल्या पोराला हवी होती पुस्तके, इंग्रजी, गणित, प्रयोगशाळा. औषध एकाला लागू आणि पाजायचे मात्र दुसऱ्यालाही, असा हा प्रकार.

मद्रासमध्ये तर हे उघडच झाले. १९५३ मध्ये राजगोपालाचारी यांच्या सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी योजना आणली : मुलांनी रोज तीनेक तास शाळेत बसायचे आणि उरलेल्या वेळात आईवडिलांचा धंदा शिकायचा. न्हाव्याच्या पोराने वस्तरा, धोब्याच्या पोराने कपडे, चर्मकाराच्या पोराने चामडे. आणि पुरोहिताच्या पोराने? त्याच्या घरात पोथ्याच होत्या, त्यामुळे त्याचा अर्धा दिवसही अभ्यासातच जाणार. विरोधकांनी या योजनेला ‘कुलकल्वी तिट्टम’ म्हणजे कुलशिक्षण योजना असे नाव दिले. पेरियार रस्त्यावर उतरले. १९५४ मध्ये राजाजींना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि कामराज यांनी आल्या आल्या योजना गुंडाळली. सत्तर वर्षांनंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, तमिळनाडू सरकारने केंद्राची विश्वकर्मा योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला, त्यामागेही हीच स्मृती होती. कुटुंबाचा पारंपरिक धंदा ही अट त्यांना खटकली. आपल्या महाराष्ट्रात मात्र फुले-शाहू-आंबेडकरांची नावे घेऊनच सगळे विनाचर्चा पार पडते, ते असो.

इथपर्यंत वाचून झिडकारणारे मित्र खूश झाले असतील. पण थांबा. बाबासाहेबांची याबाबतची भूमिका काय होती?

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयला दिले. राजकीय प्रतिनिधित्व आणि नोकऱ्यांतला वाटा यांच्या जोडीला त्यात शिक्षणाची मागणी आहे, आणि ती नेमकी आहे. कला आणि कायदा शिकून आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, ते महागडे असल्यामुळे आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात. देशात विज्ञान-तंत्रज्ञान शिकण्यासाठी आणि परदेशात शिकण्यासाठी, दोन्हींसाठी. आणि पुढे आणखी एक मागणी, जिच्याबद्दल आपल्या व्याख्यानांत क्वचितच बोलले जाते : सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घेऊन तांत्रिक काम शिकवावे.

रेल्वेचे वर्कशॉप म्हणजे लेथ, वेल्डिंग, ग्रीस, हाताला घट्टे. बाबासाहेब हाताच्या कामाला कमी लेखत नव्हते. त्यांचा विरोध होता तो जन्माने ठरलेल्या कामाला. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्येच मांडले होते. राजाजींची योजना पोराला बापाच्या ऐरणीकडे परत पाठवत होती, बाबासाहेबांची मागणी त्याला बापाने कधी न पाहिलेल्या यंत्रापाशी नेत होती. दोन्हीकडे ‘हात’ आहेतच. पण एका हाताचे भविष्य आधीच लिहिलेले आहे आणि दुसऱ्याचे अजून लिहायचे आहे.

मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट याला जोडून वाचली पाहिजे. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. का? तर धागा तुटल्यावर तो तोंड लावून ओढून घ्यावा लागे आणि त्याने सवर्ण कामगारांना विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. विणण्याचे कौशल्य आपल्या माणसांकडे नव्हते असे थोडेच आहे! गावाकडे हातमागावर कापड विणणारे आपल्यात होतेच. कौशल्य असूनही जागा नव्हती. म्हणून आजच्या कौशल्य विकासवाल्यांना आमचा पहिला प्रश्न ‘काय शिकवणार’ हा नाही. शिकल्यावर कुठल्या खात्यात घेणार, हा आहे.

जोतिरावांचेही इथे स्मरण करावे लागेल. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणात लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत असे सांगितले होते. शेतकऱ्याच्या पोराला शेती येतच असते, मग शेतीचे ज्ञान कशाला? कारण बापाकडून येते ती सवय. त्या सवयीला कारण विचारायला शिकवते ती शाळा. दहा दिवस कुंभाराकडे बसून मडके पाहिल्याने मुलाला हौस वाटेल. पण माती कुठली चालते, भट्टीत तिचे काय होते, कुंभाराला त्या मडक्याचे किती मिळतात आणि बाजारात ते कितीला जाते, हे वर्गात येऊन मांडले नाही तर ती सहल झाली, शिक्षण नव्हे. कांचा इलय्या यांनी मुलांसाठी लिहिलेल्या ‘टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड’ या पुस्तकात हेच केले आहे : चामडे कमावणारा, कुंभार, धोबी यांच्या कामातले विज्ञान उलगडून दाखवले आहे. आपल्या प्रत्येक विहाराच्या कपाटात ते असायला हवे.

आता प्रत्यक्ष हायस्कुलात काय चालते ते पाहू. आम्ही काही कार्यकर्ते वस्तीतल्या विहारात संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. तिथे येणारी मुले वेगवेगळ्या शाळांतली आहेत, काही जिल्हा परिषदेच्या, काही अनुदानित. दहावीच्या विज्ञानाच्या शंभरपैकी वीस गुण प्रयोगाचे असतात. हे वीस गुण बहुतेक सगळ्यांना भरभरून मिळतात, आणि बहुतेकांनी प्रयोग केलेलाच नसतो. जर्नल असते, छापील असते, मागच्या वर्षीच्या मुलाचे बघून भरलेले असते. नववीतल्या एका मुलीला आम्ही विचारले, लिटमस कागद कसा असतो ग? तिने अचूक उत्तर दिले, आम्लात निळा तांबडा होतो, आम्लारीत तांबडा निळा होतो. मग म्हणाली, “पण सर, तो केवढा असतो? वहीच्या पानाएवढा का?” तिच्या शाळेत प्रयोगशाळेची खोली आहे. कुलूप आहे. किल्ली शिक्षकांकडे आहे आणि काचसामान फुटेल म्हणून ती उघडत नाहीत.

त्या आठवड्यात आम्ही हळदीचे कागद केले. साध्या कागदाला हळदीचे पाणी लावून वाळवले, एकावर साबणाचे पाणी, एकावर चुन्याची निवळी, एकावर चिंचेचे पाणी. साबण आणि चुन्याला कागद लाल झाला, चिंचेला पिवळाच राहिला. खर्च जवळजवळ शून्य. पुढच्या रविवारी खिळा, तांब्याची तार आणि सेल घेऊन विद्युतचुंबक. ज्या मुलाला शाळेत ‘ढ’ म्हणतात त्याने तारेचे वेढे वाढवले तर जास्त टाचण्या चिकटतात हे स्वतःहून शोधले. ही काही आमची कर्तबगारी नव्हे. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने १९७२ पासून तीस वर्षे सरकारी शाळांत स्वस्त साहित्यावर हेच केले, २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. आपल्याकडे पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा विषय हायस्कुलांत चालतो. त्यात वेल्डिंग, वायरिंग, शेती, आहार-आरोग्य सगळ्या मुलामुलींनी करायचे असते. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा स्वयंपाकातले पोषण मोजतो. अशा ठिकाणी कोणाचा बाप काय करतो हे विचारायची गरजच पडत नाही.

उलट नेहमीच्या शाळेत ती गरज पडते. स्वच्छतेचे गट पडतात तेव्हा वस्तीतल्या पोरांकडे संडास येतो आणि इतरांकडे ग्रंथालयाची पुस्तके लावणे. कोणी लिहून देत नाही, ते आपोआप ‘ठरते’. स्नेहसंमेलनात हलगी कोणाच्या गळ्यात अडकवायची तेही असेच ठरते, “तुमच्याकडे वाजवतात ना रे?” डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटकात मालूर तालुक्यातल्या एका निवासी शाळेत दलित मुलांना मैल्याच्या खड्ड्यात उतरवल्याचे उघड झाले, देशभर बातमी झाली. खड्ड्यापर्यंत गोष्ट गेली म्हणून बातमी झाली. रोजचा झाडू बातमीत येत नाही.

आणि विषय निवडताना? आपल्या शाळांत नववीपासून रिटेल, ब्युटी अँड वेलनेस, ऑटोमोटिव्ह, मल्टिस्किल असे विषय येतात. सीबीएसईच्या यादीतही रिटेल आहे, पण तिथल्या महागड्या शाळांची पोरे त्या यादीतून कृत्रिम बुद्धिमत्ता उचलतात. दोन्हींचे नाव ‘कौशल्य’च. एकाला दुकानात उभे राहायचे कौशल्य, दुसऱ्याला त्या दुकानाचे सॉफ्टवेअर लिहायचे. आम्ही ब्युटी पार्लरला हलके म्हणत नाही, आमच्या वस्तीतल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. प्रश्न एवढाच की वर्गातल्या सगळ्या मुली तिकडे आणि सगळी मुले गॅरेजकडे का जातात, आणि ‘तुला काय शिकायचे’ हे त्यांना खरोखर कोणी विचारले का.

म्हणून आमची भूमिका झिडकारण्याची नाही, ताब्यात घेण्याची आहे. हाताने शिकायचे तर सगळ्यांनी सगळे शिकायचे : संडास सफाईची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने, आडनावाच्या नव्हे, आणि त्यात शिक्षकही. दप्तराविना दिवसांत सुताराकडे जायचे तर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, प्रयोगशाळेत, न्यायालयात, छापखान्यातही जायचे. मुलाने घरचा धंदा सोडून दुसरेच काही पाहावे असा नियमच करा. मुलांच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ लिहून घेतात, त्याचा उपयोग व्यवसाय विषय देताना होता कामा नये.

हे कोणी आपण होऊन देणार नाही. यूडायसच्या माहितीत माध्यमिक शाळेला प्रयोगशाळा आहे की नाही हा रकाना असतो. आपल्या गावच्या शाळेने तिथे ‘आहे’ लिहिले आहे का, ते पाहा. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जात पाच गोष्टी विचारा : गेल्या तीन वर्षांत प्रयोगसाहित्यावर किती खर्च झाला, साठा नोंदवही कुठे आहे, प्रयोगाच्या तासिका वेळापत्रकात किती, दप्तराविना दिवसांत मुलांना कुठे नेले, व्यवसाय विषयांची निवड कोणत्या पद्धतीने झाली. आठवीपर्यंतच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आपल्या वस्तीतल्या किती आया त्या समितीत आहेत? ज्या आहेत त्यांना सभेची नोटीस मिळते का, की सही घ्यायलाच रजिस्टर घरी येते?

जूनमध्ये शाळा उघडतील. त्याआधी आमच्या अभ्यासिकेच्या भागातल्या शाळांचे अर्ज आम्ही टाकतो आहोत. तुमच्या तालुक्यात कोणी टाकणार असेल तर मसुदा मागून घ्या, आणि उत्तर आले की आम्हालाही कळवा, कुलूप कुठे कुठे आहे ते एकत्र मांडता येईल.

जय भीम.