शीडनौका, बेटे आणि सार्वजनिक खर्च

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व पनवेल खाड्यांच्या काठी नवी मुंबई आकारास आली. पाण्याच्या काठी वसूनही या शहराने पाण्याकडे पाठच फिरविली. आता शीडनौकेतून निवांत हिंडावे, बेटांच्या आडोशाला नांगर टाकावा, अशा जलविहाराचे आकर्षण निर्माण होत आहे. धनिकांचा छंद म्हणून त्याची हेटाळणी करणे सोपे आहे. त्यामागील अर्थकारण तपासणे अधिक उपयुक्त ठरेल.

शीडनौकेचे इंधन वारा, आणि तो फुकट असतो. पहाटेचा मतलई व दुपारचा खारा वारा यांचा मेळ साधीत कोकणचे दर्यावर्दी शतकानुशतके हिंडले. बेलापूरच्या खाडीतून निघालेल्या नौकेस घारापुरी जवळच आहे. बंदराच्या मुखापलीकडे थळसमोर खांदेरी. तेथे १६७९ साली शिवाजी महाराजांनी दुर्ग बांधावयास घेताच मुंबईकर इंग्रजांनी गलबते धाडली. बेटाचे मोल उभय पक्षांस ठाऊक होते.

वाऱ्याखेरीज मात्र काहीच फुकट नाही. उधाणाच्या दिवशी येथे भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक असतो; ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो. गाळ उपसलेला मार्ग, धक्का, दिशादर्शक दिवे हा खर्च बहुतांशी सार्वजनिक तिजोरीवरच पडणार. मग लाभ कोणाचा, हा प्रश्न अटळ ठरतो.

घारापुरीचा अनुभव बोलका आहे. तेथील लेणी १९८७ साली जागतिक वारसा यादीत गेली. ग्रामस्थांना समुद्राखालील केबलद्वारे वीज मिळाली ती २०१८ साली. पाहुण्यांची कीर्ती जगभर झाल्यावरही यजमानाला एकतीस वर्षे थांबावे लागले! सुरक्षिततेची कथाही निराळी नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळून पंधरा जण दगावले. गजबजलेल्या बंदरात हौशी नौकांची भर घालण्यापूर्वी वाहतुकीची शिस्त लावणे अगत्याचे आहे.

म्हणून तीन अटी आवश्यक वाटतात. नांगर टाकण्याच्या शुल्कातील ठराविक हिस्सा बेटावरील ग्रामपंचायतीस मिळावा. कोळी बांधवांच्या जाळ्यांच्या जागा आणि खारफुटी प्रथम राखून मगच नौकांस जागा द्यावी. आणि सरकारी पैशाने बांधलेल्या धक्क्यावर शाळा-महाविद्यालयांतील मुलांना अल्प शुल्कात शीडविद्या शिकविली जावी.

२०१० साली दिलीप दोंदे शीडनौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईस परतले; असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. कौशल्याची वाण नाही. कारकुनाच्या मुलालाही सुकाणू धरता आले, तरच या खर्चास सार्वजनिक म्हणता येईल. एरवी ते चैनीस दिलेले अनुदान ठरेल.