आकाशांतील शिक्षक व घरांतील शिक्षक

पाटणच्या कोयनाकांठीं घरांच्या पत्र्यांवर 'डीडी फ्री डिश'च्या ज्या छत्र्या दिसतात, त्यांचें तोंड आग्नेयेस कां असतें, याचा तुम्हीं कधीं विचार केला आहे काय? त्या दिशेस, विषुववृत्तावर सुमारें ३५,८०० किलोमीटर उंचीवर, 'जीसॅट-१५' हा उपग्रह आहे. तो सेकंदास तीन किलोमीटर धांवतो. परंतु पृथ्वी स्वतःभोवतीं एकदां फिरते तितक्याच वेळांत त्याचीहि एक प्रदक्षिणा पुरी होते, म्हणून तो आपणांस स्थिर भासतो. जमिनीवरील मनोऱ्यांतून निघालेल्या लहरी बहुधा सरळ जातात. वाटेंत सह्याद्रीचा कडा आला कीं पलीकडील खोरें वंचित राहतें. हा उपग्रह मात्र आपल्या क्षितिजापासून सुमारें साठ अंश वर असल्यामुळें त्यास डोंगर सहसा आडवा येत नाहीं.

हें साधन आपल्या देशांत प्रथम आजमाविलें गेलें तें खेड्यांच्या शिक्षणासाठींच. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकेच्या 'एटीएस-६' उपग्रहाद्वारें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांस कार्यक्रम दाखविण्यांत आले. त्या प्रयोगाचे व्यवस्थापक एकनाथ चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे. सकाळीं शाळेंतील मुलांसाठीं, सायंकाळीं ग्रामस्थांसाठीं कार्यक्रम असत. गांवास संच एकच, म्हणून लहानथोर एकत्र बसून पाहत.

आज संच घरोघरीं आहे. परंतु मुलें त्यापुढें पुष्कळदां एकटींच बसतात. कित्येक पालक म्हणतात, संचच घरांतून काढून टाकावा. आम्हांस हें मान्य नाहीं. दूरच्या वाडीवरील मुलास जी खिडकी उघडली, ती लावून घेणें हा उपाय नव्हे.

खरी उणीव निराळीच आहे. उपग्रह कोट्यवधि लोकांशीं बोलतो. पण ती छत्री केवळ ग्रहण करते, मुलाचा प्रश्न वर पोंचवीत नाहीं. तो ऐकणारें माणूस घरांतच हवें. यास्तव पालकांस नम्र विनंति कीं, रोज अर्धा तास मुलांजवळ बसावें. उत्तर येत नसल्यास लाजूं नये. प्रश्न वहींत लिहवून शाळेंत पाठवावा. तो आम्हीं आनंदानें सोडवूं, आणि आम्हांसहि न सुटल्यास मुलांबरोबर ग्रंथांत शोधूं.

इतक्या दूरून ज्ञान आपल्या ओसरीपर्यंत येतें. त्याच्या भेटीस आपण माजघरांतून चार पावलें यावयास नको काय?