डावा मेंदू, उजवा मेंदू आणि मधला पूल

"तू पडलास लेफ्ट ब्रेनवाला, तुला कविता काय कळणार?" आयटीतल्या बहुतेकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. डावा मेंदू म्हणजे गणित न् तर्क, उजवा म्हणजे कला न् कल्पना. सोपी वाटणी, म्हणून लोकप्रिय. माझ्या मते ही वाटणी आता मोडीत काढायला हवी.

गंमत म्हणजे तिचं मूळ खऱ्या संशोधनात आहे. फिट्स आटोक्यात याव्यात म्हणून काही रुग्णांचा 'कॉर्पस कलोझम' शस्त्रक्रियेने कापला जाई. हा मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा, सुमारे २० कोटी तंतूंचा पूल. रॉजर स्पेरी आणि मायकेल गझानिगा यांनी १९६० च्या दशकात अशा रुग्णांवर प्रयोग केले. स्पेरींना १९८१ साली नोबेल मिळालं.

गझानिगांचा नंतरचा एक प्रयोग तर भन्नाटच आहे. रुग्णाच्या डाव्या मेंदूला दाखवला कोंबडीचा पाय, उजव्याला बर्फाने झाकलेलं अंगण. मग समोरच्या चित्रांतून उजव्या हाताने निवडली कोंबडी आणि डाव्याने फावडं. फावडं कशाला? बोलतो डावा मेंदू, आणि त्याला बर्फ दिसलाच नव्हता! तरी उत्तर तयार: खुराडं साफ करायला.

पण मंडळी, हे पूल तोडल्यावरचं झालं. आपला पूल शाबूत आहे. "वा, काय कोड लिहिलायस!" यातले शब्द बहुतेकांच्या बाबतीत डावी बाजू लावते, पण हे कौतुक आहे की टोमणा, हे सुरावरून ओळखायला उजवी लागते. म्हणजे कामं थोडीफार वाटलेली आहेत, माणसं नाहीत. २०१३ साली युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी हजाराहून जास्त लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले. 'डाव्या' किंवा 'उजव्या' मेंदूची माणसं काही सापडली नाहीत.

मोठ्यांनी एकमेकांना चिडवलं तर ठीक. पण बोटांचे ठसे घेऊन पोराचा 'ब्रेन टाइप' सांगणारे आणि त्यावरून सायन्स की आर्ट्स ठरवणारे आई-बाप पाहिले की राग येतो. दहा वर्षांच्या पोराची चित्रकलेची वही कुठल्या पुराव्यावर बंद करायची?

आपणही तेच करतो. रियाज सोडला तो कंटाळ्याने, कारण सांगतो लेफ्ट ब्रेनचं. हेही त्या फावड्यासारखंच, नाही का?