वॅगन-आरच्या पैशात बीएमडब्ल्यू?



"सर, जुनी बीएमडब्ल्यू घेऊ का? क्लायंटवर इम्प्रेशन पडतं." प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. माझं मत स्पष्ट आहे: धंद्याच्या भांडवलातून अजिबात नाही.

२०१०-११ ची ५२०डी आज नव्या वॅगन-आरच्या पैशात मिळून जाते. पण किंमत उतरली ती गाडीची, पार्टची नाही. गॅरेजचं बिल अजूनही महागड्या गाडीचंच येतं. त्यात त्या काळच्या डिझेल इंजिनाची टायमिंग चेन झिजते, हा जगभर माहीत असलेला दोष. चेन बसवलीय इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला. म्हणजे ती बदलायची तर गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन खाली उतरवा. चालत्या गाडीत तुटली तर इंजिनच गेलं म्हणून समजा. रन-फ्लॅट टायरचा खर्च वेगळाच.

"पण कंपनीच्या नावावर घेतली तर टॅक्स वाचेल ना?" अहो, थांबा. ऑफिसच्या वापराच्या कारवर जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. तिच्या दुरुस्तीवर आणि विम्यावरही नाही. घसारा मिळतो १५ टक्के. ८ लाखांवर पहिल्या वर्षी १ लाख २० हजार. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल, तर हातात वाचले साधारण ३६ हजार. बस्स!

सहा महिने धंदा बसला तरी पगार निघतील एवढी रक्कम बाजूला असेल, तर हौस करा की. फक्त गाडी बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. स्टार्ट केल्यावर मागून खडखड ऐकू आली तर टोकन देऊ नका. आणि बॉनेट आधीच गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी न कळवता जा.