परतीच्या वाटेचा धडा

नवी वस्तू बाजारात आली की जुनी आपोआप अडगळीत जाते, हा संगणकाच्या व्यवसायातील जवळजवळ नियमच होय. २००७ साली या नियमाला एक ठळक अपवाद घडला. मायक्रोसॉफ्टची 'विंडोज व्हिस्टा' ही ऑपरेटिंग सिस्टीम ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्रीस आली आणि तीन महिने पूर्ण होण्याआधीच, एप्रिलमध्ये, 'डेल' या बड्या संगणक उत्पादक कंपनीने घरगुती वापराच्या काही संगणकांवर जुनी 'विंडोज एक्सपी' पुन्हा देऊ केली. ग्राहकांच्या सूचना जाणून घेण्यासाठी डेलने सुरू केलेल्या उपक्रमात हीच मागणी जोराने पुढे आली होती. गिऱ्हाइकांच्या आग्रहावरून काढून ठेवलेला माल पुन्हा फळीवर मांडण्याचाच हा प्रकार होता.

या घटनेला आता बराच काळ लोटला असला, तरी तिचे स्मरण करण्यास कारण आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर नव्या प्रणालीवर जावे, जुनीवरच राहावे की गेल्यावर परत फिरावे, हा पेच असंख्य संगणकधारकांपुढे उभा राहिला. परत फिरणाऱ्याला मागासलेला ठरविण्याची सवय तंत्रज्ञानाच्या जगात आहे. उलट, जुने ते सोने म्हणून जुन्याला कवटाळून बसणारेही काही कमी नाहीत. व्हिस्टाचा अनुभव या दोन्ही भूमिका अपुऱ्या असल्याचे सांगतो. परत फिरणारे तेव्हा चुकले नव्हते. पण परतून तिथेच कायमचा मुक्काम ठोकणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

दुखणे कुठे होते?

एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. पुढील आवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ लागला. 'लाँगहॉर्न' या सांकेतिक नावाने चाललेले व्हिस्टाचे काम २००४ मध्ये बऱ्याच अंशी नव्याने मांडावे लागले आणि गाजावाजा केलेली काही वैशिष्ट्ये वगळावी लागली. याच काळात ब्लास्टर (२००३) व सॅसर (२००४) यांसारख्या उपद्रवी प्रोग्रॅमनी विंडोजच्या सुरक्षिततेची लक्तरे वेशीवर टांगली होती. साहजिकच व्हिस्टाच्या रचनेत सुरक्षेला अग्रस्थान मिळाले. हेतू योग्यच होता. परंतु त्याची झळ वापरणाऱ्याला बसली.

एक्सपीच्या वापरात बहुतेक जण संगणकाचे सर्वाधिकार घेऊनच काम करीत. त्यामुळे त्यांच्या नकळत शिरलेल्या प्रोग्रॅमलाही तेच अधिकार मिळत. व्हिस्टाने ही सवय मोडण्यासाठी महत्त्वाच्या प्रत्येक बदलापूर्वी परवानगी विचारण्याची पद्धत आणली. ती इतक्या वेळा विचारली जाऊ लागली की लोक न वाचताच होकाराचे बटण दाबू लागले किंवा ती सोयच बंद करू लागले. पहारेकऱ्याने घरच्या माणसालाच दर फेरीला अडवावे, तसे हे झाले.

दुसरी अडचण ड्रायव्हरची. प्रिंटर, स्कॅनर, ध्वनी वा चित्र दाखविणारे कार्ड यांची ऑपरेटिंग सिस्टीमशी गाठ घालून देणारा हा छोटा प्रोग्रॅम. व्हिस्टात, विशेषतः चित्रदर्शनासाठी, त्याची रचनाच बदलली. यंत्रसामग्री बनविणाऱ्या कंपन्यांची तयारी मात्र अपुरी होती. पुढे न्यायालयात उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत माहितीनुसार, व्हिस्टा कोलमडण्याच्या नोंदलेल्या प्रकारांपैकी २८.८ टक्के प्रकारांमागे एकट्या एनव्हिडिया कंपनीचे ड्रायव्हर होते. दोष कोणाचाही असो, पडद्यावर बंद पडलेली दिसे ती व्हिस्टाच.

तिसरी अडचण ताकदीची. एक्सपी किमान ६४ मेगाबाइट मेमरीवर चालू शकत असे. व्हिस्टाला किमान ५१२ मेगाबाइट, म्हणजे आठपट मेमरी लागे. एवढ्यावर ती सुरू होई, पण कामाला जुंपली की रखडे. तरीही 'व्हिस्टा केपेबल' अशी चिकटपट्टी लावलेले अनेक संगणक २००६ मध्ये विकले गेले. त्यांपैकी काहींवर व्हिस्टाची सर्वांत साधी आवृत्तीच चालत असे. जाहिरातींतील काचेसारख्या पारदर्शक खिडक्या त्यांवर दिसत नसत. यावरून २००७ मध्ये अमेरिकेत सिअॅटल येथे खटला दाखल झाला. त्यात उघड झालेल्या पत्रव्यवहारात माइक नॅश या मायक्रोसॉफ्टच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याने, २१०० डॉलर खर्चून घेतलेला आपला संगणक आता केवळ ई-मेल पाहण्याच्या कामाचा उरल्याची खंत व्यक्त केली होती. या खटल्याला २००८ मध्ये मिळालेला सामूहिक दाव्याचा दर्जा २००९ मध्ये काढून घेण्यात आला. मात्र ग्राहकांची तक्रार काल्पनिक नसल्याचे तोवर पुरते स्पष्ट झाले होते.

परतीचे दार सर्वांना खुले नव्हते

परत फिरण्याचा अधिकृत मार्ग होता, पण तो सर्वांसाठी नव्हता. संगणकासोबत व्हिस्टाची 'बिझनेस' किंवा 'अल्टिमेट' आवृत्ती घेतलेल्या ग्राहकाला तोच परवाना वापरून एक्सपी प्रोफेशनलवर जाता येई. घरगुती ग्राहकाच्या पदरात पडणाऱ्या 'होम बेसिक' व 'होम प्रीमियम' या आवृत्त्यांना हा अधिकार नव्हता. ज्याच्याकडे संगणक विभाग आणि जाणकार कर्मचारी आहेत, त्याला परतीची मुभा; ज्याने मुलांच्या अभ्यासासाठी पैसे साठवून एक यंत्र घेतले, त्याला मात्र एक्सपीचा परवाना पुन्हा विकत घेणे भाग, असा हा न्याय होता. भारतात या न्यायाचा परिणाम ओळखणे कठीण नाही. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्सच्या अहवालानुसार २००७ मध्ये देशातील सुमारे ६९ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते. अशा बाजारात सरळ मार्ग महाग ठेवला, की लोक आडवाटेला लागणारच.

मार्ग मिळाला तरी प्रवास सोपा नव्हता. व्हिस्टावरून थेट एक्सपीवर उतरण्याची सोय नसल्याने सर्व फायली दुसरीकडे काढून ठेवून हार्ड डिस्क पुसावी लागे. मग एक्सपीची सीडी घालावी, तर नव्या धाटणीची हार्ड डिस्क तिला दिसतच नसे. त्यासाठीचा ड्रायव्हर सुरुवातीलाच एफ-सिक्सची कळ दाबून फ्लॉपीवरून द्यावा लागे आणि नव्या लॅपटॉपला तर फ्लॉपीची खाचच नसे. तेव्हा बायॉसमध्ये जाऊन डिस्कला जुन्या पद्धतीने वागण्यास सांगायचे, हा उपाय जाणकार करीत. एवढे करून एक्सपी बसली, तरी आवाज येत नाही किंवा वायरलेस चालत नाही, अशी रड उरे. कारण अनेक नव्या संगणकांसाठी उत्पादकांनी एक्सपीचे ड्रायव्हर दिलेलेच नव्हते. इतका खटाटोप करूनही लोक परतत होते, यावरूनच त्यांच्या वैतागाची कल्पना यावी.

मराठीत काम करणाऱ्यांचा हिशेब आणखी निराळा होता. एक्सपीवर युनिकोड देवनागरी नीट उमटण्यासाठी भाषाविषयक सोय वेगळी सुरू करावी लागे आणि त्यासाठी बहुधा मूळ सीडी शोधावी लागे. व्हिस्टात ही सोय तयारच होती. म्हणजे परत फिरणारा मराठी वापरकर्ता एक खरीखुरी सुधारणा मागे टाकून येत होता. मात्र मुद्रणाचे काम करणाऱ्यांना तिचा तितकासा उपयोग नव्हता. त्यांचे काम युनिकोडपूर्व फाँटवर चाले आणि त्यांच्या हाताखालच्या पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ ची होती. तिला युनिकोड देवनागरी उमगतच नसे. ज्याची रोजची पाने जुन्या जुळणीवर वेळेत लागत होती, त्याने तीच जुळणी राखणे हा आळस नव्हे, व्यवहार होता.

नकाराचा परिणाम

या परतीच्या ओघाची दखल कंपनीला घ्यावी लागली. संगणक उत्पादकांना एक्सपी पुरविण्याची मूळ मुदत जानेवारी २००८ अखेर संपणार होती. ती ३० जून २००८ पर्यंत वाढविण्यात आली. 'इन्फोवर्ल्ड' या अमेरिकी नियतकालिकाने एक्सपी वाचविण्यासाठी काढलेल्या आवाहनावर दोन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. कमी ताकदीच्या छोट्या, स्वस्त लॅपटॉपवर व्हिस्टा पेलणार नाही हे दिसताच त्यांच्यासाठी 'एक्सपी होम'ची मुदत आणखी पुढे नेण्यात आली.

व्हिस्टाची बाजूही येथे नोंदविली पाहिजे. २००८ च्या पूर्वार्धात तिचा पहिला सर्व्हिस पॅक आला, ड्रायव्हर सुधारले, मेमरीही स्वस्त होत गेली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाबद्दल प्रतिकूल मत असणाऱ्यांना 'मोहावे' या नावाने एक नवी प्रणाली दाखविली. त्यांना ती आवडली आणि मग ती व्हिस्टाच असल्याचे सांगण्यात आले. मात्र हा प्रयोग कंपनीने निवडलेल्या, पुरेशी मेमरी असलेल्या संगणकावर झाला होता. घरचा जुना प्रिंटर तेथे जोडायचा नव्हता.

२२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेल्या विंडोज ७ चे जोरदार स्वागत झाले. तिचा अंतर्गत क्रमांक ६.१ होता आणि व्हिस्टाचा ६.०. म्हणजे पाया तोच होता. परवानगीचे प्रश्न कमी झाले होते, वेग सुधारला होता आणि दरम्यानच्या पावणेतीन वर्षांत यंत्रसामग्रीही तयार झाली होती. परत फिरणाऱ्यांनी प्रगती रोखली, हा आरोप येथे टिकत नाही. त्यांनी अपुरी वस्तू नाकारली आणि पुढची वस्तू त्यामुळे अधिक काळजीपूर्वक घडली.

मुक्काम लांबला की…

तथापि, कथेचा उत्तरार्ध विसरता येत नाही. २३ ऑक्टोबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टने एका गंभीर त्रुटीवरील दुरुस्ती तातडीने प्रसृत केली. एक्सपीच्या बाबतीत ती त्रुटी 'अतिगंभीर' श्रेणीत होती, व्हिस्टाच्या बाबतीत एक पायरी खाली. पुढच्याच महिन्यात कॉनफिकर नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम याच त्रुटीचा फायदा घेत पसरू लागला आणि त्याने जगभरातील लाखो संगणक ग्रासले. ज्या कडेकोट पहाऱ्याला लोक वैतागले होते, त्यामागे कारण होते, हे यावरून दिसते.

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्यानंतर त्रुटी सापडल्या तरी सर्वसामान्य ग्राहकाला त्यांवर दुरुस्ती मिळणार नव्हती. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने धुमाकूळ घातला तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. पण अपवादावर व्यवहार चालत नाहीत. भारतात तर बँकांची एटीएम यंत्रेही दीर्घकाळ एक्सपीवर चालत राहिली. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने टप्पे ठरवून दिले आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम आधार उपलब्ध असलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर नेण्यास बँकांना बजावले. आधार संपून तोवर पाच वर्षे झालेली असणार होती. घरच्या संगणकावर जुने टिकविणे हा वैयक्तिक निर्णय असतो. लोकांच्या पैशांची ने-आण करणाऱ्या यंत्रात तोच निर्णय इतरांच्या जिवावरचा जुगार ठरतो.

आजचा पेच

व्हिस्टाच्या अनुभवातून उत्पादकही काही शिकले. २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा पसंत न पडल्यास महिनाभरात फायलींसह आधीच्या आवृत्तीवर परतण्याची सोय संगणकातच होती. २०१६ मध्ये ही मुदत दहा दिवसांवर आणली गेली आणि विंडोज ११ मध्येही ती तेवढीच ठेवण्यात आली. कार्यालयातील महिनाअखेरीचे हिशेब किंवा क्वचित लागणारा स्कॅनर यांची परीक्षा दहा दिवसांत होतेच असे नाही. दार आहे, पण ते फार लवकर बंद होते.

त्यात विंडोज ११ साठी सुरक्षेची विशिष्ट चिप आणि ठराविक काळानंतरचे प्रोसेसर आवश्यक ठरविल्याने, सुस्थितीत चालणारे अनेक संगणक अधिकृतपणे अपात्र झाले. घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मर्यादित सुरक्षा मुदतवाढ देण्यात आली. व्हिस्टाच्या वेळी यंत्र कमकुवत असूनही त्यावर पात्रतेची चिकटपट्टी लागली होती. या वेळी यंत्र धडधाकट असूनही अपात्र ठरले. हातातले साधन जुने केव्हा झाले, हे दोन्ही वेळा ठरविले ते उत्पादकाने.

म्हणूनच परत फिरण्याच्या प्रश्नाकडे केवळ तांत्रिक कटकट म्हणून पाहता येणार नाही. नवी प्रणाली घेताना तिच्या वैशिष्ट्यांइतकीच चौकशी परतीच्या मुदतीची झाली पाहिजे आणि ती मुदत महागड्या व स्वस्त परवान्यांना सारखीच मिळाली पाहिजे. वापरणाऱ्यानेही दोन गोष्टींची खातरजमा करावी: फायलींची प्रत दुसरीकडे सुरक्षित आहे का, आणि ज्या जुन्या प्रणालीकडे आपण परतत आहोत तिची डागडुजी अजून कोणी करीत आहे का. पहिल्याचे उत्तर नकारार्थी असेल तर पुढे जाण्याची घाई करू नये. दुसऱ्याचे नकारार्थी असेल तर मागे जाण्याची. पावसात सापडलेल्याने आडोशाला थांबण्यात गैर काही नाही. छप्पर गळू लागल्यावरही तिथेच बसून राहिले, तर मात्र दोष पावसाला देता येणार नाही.