माती आमची, गादी त्यांची

आशियाई ज्युदो अजिंक्यपदाचे निकाल येतात तेव्हा पदकांच्या तक्त्यात जपान, कोरिया, मंगोलिया, उझबेकिस्तान ही नावे वरच्या बाजूस असतात आणि आपल्या देशाचे नाव शोधण्यासाठी नजर बरीच खाली न्यावी लागते. मल्लांची परंपरा मिरविणाऱ्या महाराष्ट्रास तरी ही गोष्ट बोचावयास हवी.

कारण ही विद्या आपल्याला सर्वस्वी परकी नाही. १९५२ साली हेलसिंकीस खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले, त्या गटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशीने नेले. हा इशी मूळचा ज्युदोपटू! महायुद्धानंतर परकीय अंमलाने ज्युदोवर बंदी घातली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. आमच्या धोबीपछाडीचे नाते ज्युदोतील खांद्यावरून फेकण्याच्या डावाशी उघड दिसते. मात्र लंगोटाऐवजी तेथे अंगरख्याची पकड असते, आणि पट काढण्यास आंतरराष्ट्रीय ज्युदोत २०१३ पासून मज्जाव आहे. म्हणजे तालमीतला गडी जसाच्या तसा गादीवर उभा करून भागणार नाही; त्याला नव्याने शिकवावे लागेल.

असे शिकविता येते काय? मंगोलियाकडे पाहावे. त्या देशाची लोकसंख्या २०१० च्या सुमारास जेमतेम साडेसत्तावीस लाख होती. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या यवतमाळ जिल्ह्याची तितकीच भरली. तेथील तुवशिनबायर हा देशी कुस्तीतून आलेला मल्ल. २००८ साली बीजिंगला त्याने ज्युदोत देशाचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. कोसोव्होची कथा याहून विलक्षण आहे. युद्धाने पोळलेल्या त्या चिमुकल्या देशाच्या पेया गावात ड्रिटन कुका या एका गुरूने मुली घडविल्या. त्यांतील मायलिंडा केलमेंडी युरोपची विजेती झाली आणि २०१६ साली रिओत देशाचे पहिले ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, घेऊन आली. २०२४ पर्यंत कोसोव्होने मिळविलेली पाचही ऑलिंपिक पदके ज्युदोचीच आहेत.

आमच्याकडे मुली नाहीत काय? मणिपूरच्या लिंथोई चनंबमने २०२२ साली सारायेव्होत कुमार गटाचे जागतिक सुवर्णपदक जिंकून त्याचे उत्तर दिले आहे.

आता आमच्या राजूरकडे वळू. वणी तालुक्यातील हे गाव कोळशाचे आणि चुन्याचे. कष्टाने घट्ट झालेली शरीरे येथे ठायी ठायी दिसतात. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ येथून फार दूर नाही, आणि १९३६ साली बर्लिनला भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिके दाखविणारे पथक त्याच संस्थेचे होते. वऱ्हाडात जाणकारांचा दुष्काळ आहे, ही सबब म्हणूनच आम्हांस पटत नाही. स्टेडियमांच्या कोनशिला आम्हांस नकोत. पावसाळ्यात न गळणारे एक सभागृह, चांगल्या गाद्या आणि बारमाही पगारावर नेमलेला एक शिक्षक, एवढेच आम्ही मागतो. जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीत हा विषय कोणता सभासद मांडतो, याकडे आमचे लक्ष राहील.